उतेकर बाई आणि भरलेलं तळं

परवा स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा भरलेला पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. नवीन आलेल्या जाधव सरांनी तिथे नववीच्या वह्यांचे गठ्ठे रचले होते. चूक त्यांची नव्हती. रिकामा कप्पा दिसला, भरला. कुणीही तेच केलं असतं. पण तो कप्पा रिकामाच असतो हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की कुणी कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. मी गठ्ठे उचलून वर कोंबायला लागले. सर म्हणाले, "मॅडम, खाली काही ठेवायचंय का?" मी म्हटलं, "नाही. तो उतेकर बाईंचा आहे." "त्या कोण?" त्यांनी विचारलं. म्हणून हे लिहायला बसले.

उतेकर बाई पोलादपूरला आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. अंगाने किरकोळ, आवाज खणखणीत, आणि चालणं असं की कोरड्या व्हरांड्यातूनही चिखलातून चालल्यासारखं, पाऊल उचलून उचलून. माहेर कुडपणचं, म्हणजे डोंगराच्या पार माथ्यावरचं. वडिलांची नाचणी आणि गुरं. सासर दासगावचं, सावित्रीच्या अगदी काठावरचं. "आमच्या डोंगरावरचं पाणी उतरून दासगावला जातं. मलाही त्याच वाटेने उतरवलं," असं त्या आपल्या लग्नाबद्दल सांगायच्या. सांगताना हसायच्या नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही हसावं की नाही ते कळायचं नाही.

बाई कुठलीच वस्तू जमिनीवर ठेवत नसत. पर्स खिडकीच्या कडीला, डबा कपाटावर, छत्री खुंटीला. वर्गात एखाद्या मुलाचं दप्तर खाली दिसलं तर आधी ते उचलून बाकावर, मग कविता. दासगावच्या त्यांच्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तर मला वाटलं घर बदलतायत की काय. फडताळाचे खालचे दोन्ही कप्पे मोकळे, तांदळाचा डबा माझ्या डोक्याच्याही वर, आणि सगळ्या घराचं ओझं छातीच्या वर लटकलेलं. "खालचा कप्पा आपला नाही, नदीचा," बाई म्हणाल्या. दासगावात हे पटण्यासारखं होतं. पण आमची शाळा टेकाडावर. तिथे पाणी यायचं तर आधी अख्खं पोलादपूर बुडायला हवं. तरी त्या रुजू झाल्या त्या आठवड्यात त्यांनी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला आणि पुन्हा कुणाला भरू दिला नाही.

अशा या बाईंना कुठल्याशा पुस्तक प्रदर्शनात एका जुन्या तमिळ ऐतिहासिक कादंबरीचे मराठीत आलेले जाडजूड भाग मिळाले. हजार वर्षांपूर्वीच्या चोळ राजांची गोष्ट. नाव त्या कधी घेत नसत. "आपलं पुस्तक" म्हणायच्या, जसं काही ते दासगावसाठीच लिहिलेलं होतं. आम्ही रायगडाच्या पायथ्याची माणसं. गडावर एक सहल नेली की आमचा इतिहास शिकवून झाला. बाईंच्या डोक्यात मात्र चोळ शिरले ते शिरलेच.

गंमत म्हणजे राजे, कारस्थानं, लढाया यांचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांना धरून ठेवलं ते सुरुवातीच्या एका सणाने. तमिळ लोकांच्या आडी महिन्याचा अठरावा दिवस. आपल्याकडे तो ऐन ऑगस्टच्या सुरुवातीला येतो. नद्यांना नवं पाणी आलेलं असतं, मोठं तळं काठोकाठ भरलेलं असतं, आणि त्या दिवशी लोक घरून भात करून नेतात आणि पाण्याच्या काठी बसून जेवतात.

"पाणी चढलं म्हणून?" मी विचारलं.

"पाणी चढलं म्हणून," बाई म्हणाल्या. "पळायला नाही गो, जेवायला! आजही होतो तो सण. ते तळं आहे, त्याचा बांध आहे, सगळं जिथल्या तिथे आहे. शैला, मला एकदा जाऊन बघायचंय. पाणी चढत असताना माणसं बसून जेवतात कशी, एवढंच बघायचंय."

तेव्हापासून बाईंचा रोजचा एसटीचा प्रवास दक्षिणेतून सुरू झाला. मी महाडला चढायची, त्या दासगावहून बसून आलेल्या असायच्या. त्यांनी कादंबरीतली गावं आमच्या रस्त्यावर ओळीने मांडून टाकली होती. दासगाव म्हणजे तळ्याचा बांध. महाड आगार म्हणजे कुंभकोणम. राजेवाडी फाटा म्हणजे पळैयारै, राजघराण्यातल्या बायका राहायच्या ते गाव. पोलादपूर अर्थात तंजावर, राजधानी. आणि पुढचा कशेडी घाट म्हणजे कोडिक्करै, जिथे जमीन संपते आणि होडीत बसून लंकेला जावं लागतं. एकदा कंडक्टरने हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तो पोलादपूर आलं की ओरडायला लागला, "चला, तंजावरवाले उतरून घ्या! खेड-चिपळूणवाले बसून ऱ्हावा, तुमची लंका पुढं हाय!" सगळी गाडी हसायची. बाई उतरताना त्याला मान देऊन उतरायच्या, राणीसारख्या.

हसणं ठीक होतं. पण खरंखुरं तंजावर काही बाईंच्या जवळ येत नव्हतं, कारण घरी नाना होते. नाना म्हणजे बाईंचे यजमान. पूर्वी कारखान्यात होते, धिप्पाड माणूस. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. दोन्ही मुलं मुंबईकडे. दासगावच्या त्या घरात बाई, नाना आणि नदी.

पावसात पाणी वाढायला लागलं, पुराच्या इशाऱ्याचा भोंगा झाला, की सगळी आळी सामान माळ्यावर चढवते. उतेकरांच्या घरात सामानाबरोबर नानाही चढवावे लागायचे. त्यासाठी बाईंनी कुडपणची युक्ती आणली होती. डोंगरातल्या वाड्यांवर गाडी पोचत नसे तेव्हा आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून चार माणसं खाली आणायची. बाईंनी तशीच झोळी शिवून घेतली होती. ती जिन्याखाली खुंटीला टांगलेली असायची. "डोंगरात झोळी माणसाला खाली आणते, आमच्याकडे वर नेते," त्या म्हणायच्या. पुढे शेजारचे दोन गडी, मागे बाई, आणि मधे झोळीत नाना शिव्या देत. कधी उचलायचं ते बाईच ठरवायच्या. दारातल्या जोत्याच्या दगडाकडे बघून त्यांना कळायचं. दुसऱ्या कुणी "आता उचलूया" म्हटलं तर नाना हात लावू देत नसत.

म्हणजे पेच कसा होता बघा. बाईंना बघायचा होता तो दिवस ऑगस्टच्या सुरुवातीचा. आणि दासगावच्या माणसाला घर सोडता येत नाही तेही नेमके तेच दिवस. उरलेल्या वर्षात नानांना सांभाळायला मुलगी नाही तर सून येऊ शकली असती, पण उरलेल्या वर्षात तो सण नव्हता. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, डिसेंबरात जा की. देवळं काय पावसात उंच होतात?"

"सर, मला देवळं नाही, पाणी बघायचंय."

"पाणी दासगावात कमी आहे का?"

स्टाफरूम खो खो हसायची. बाईही हसायच्या. पण जून लागला की त्या मला तिकिटं काढायला सांगायच्या, आणि जुलैत पाऊस धरला की रद्द करायला. कारण नानांचं एकच वाक्य. "तू गेलीस नि पानी आलं तर?" मुलं म्हणत, बाबांना आमच्याकडे पाठव. तर नाना म्हणत, "घरात मानूस नसला की पानी जास्ती चढतं. मी नाय जायचा." हे त्यांनी कुठून काढलं होतं देव जाणे, पण त्यावर त्यांची पक्की श्रद्धा होती.

मग तो मोठा पूर आला. त्या पुराबद्दल मी इथे लिहिणार नाही, महाडच्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून कळत नाही. माळ्यावरही पाणी आलं. कौलं काढून नानांना छपरावरून होडीत घेतलं. बाईंचं "आपलं पुस्तक" सगळ्यात वरच्या फळीवर होतं, पण त्या वर्षी वर असं काही उरलंच नव्हतं. त्याच पावसात तिकडे तळीये गावावर डोंगर खाली आला. बाईंच्या माहेरच्या नात्यातलं कुणीसं तिथे दिलेलं होतं. शाळा सुरू झाल्यावर बाई स्टाफरूममध्ये बसल्या होत्या, हातात कोरा चहा. म्हणाल्या, "नदी वर येते, डोंगर खाली येतो. मधल्या माणसाने जायचं कुठे, शैला?"

त्यानंतर एसटीत गावांची नावं बंद झाली. कंडक्टरने एकदा हौसेने "तंजावर!" म्हणून पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, नुसत्या उठल्या आणि उतरल्या. त्यानेही पुन्हा म्हटलं नाही.

कोंडी फोडली ती नानांनीच. एका मे महिन्यात मी आंबे घेऊन गेले होते. बाई आत चहा टाकत होत्या. नाना खाटेवरून म्हणाले, "मास्तरीणबाय, हिला तिकडं घेऊन जावा ह्या पावसात. मी कुडपणात जाऊन ऱ्हातो, हिच्या भावाकडं. तिथं काय पानी चढत नाय." आतून भांड्याचा आवाज थांबला. बाई दारात आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून मी बघत होते, तर भीती होती. "खरंच जाल?" त्यांनी विचारलं. "जातो म्हनलं ना," नाना खेकसले, "सारखं सारखं इचारू नको."

आणि आम्ही गेलो! जुलैच्या शेवटी नाना जीपने कुडपणला पोचले, आम्ही वीर स्टेशनवरून पनवेल, तिथून चेन्नई, मग चिदंबरम. सण असल्यामुळे गाडी मिळवायला जीव गेला, पण आडीच्या अठराव्या दिवशी सकाळी आम्ही पुस्तकातल्या त्या तळ्याच्या, वीराणमच्या, बांधावर उभ्या होतो. दिसेल तिथवर पाणी. बांधावरून रस्ता, रस्त्यापासून खाली पायऱ्या, आणि पायऱ्यांवर सगळीकडे माणसं. बायका गळ्यात पिवळे दोरे बांधत होत्या, पानावर दिवे सोडत होत्या, डब्यांतून चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात निघत होता. पुस्तकात होतं तसंच्या तसं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

बाई मात्र पायऱ्यांकडे बघत होत्या. "ती पायरी मघाशी दिसत होती ना?" त्यांनी विचारलं.

"बाई, तळं आहे ते. नदी नाही."

"हो हो," त्या म्हणाल्या.

एका मोठ्या कुटुंबाने आम्हाला खुणेने जवळ बोलावलं. त्यांच्यातल्या आजींनी केळीचं पान पुढे करून जेवा जेवा म्हटलं. भाषा कळली नाही तरी जेवायचं आमंत्रण कळतं. मी बसले. बाईही बसल्या, पण उकिडव्या, पदर खोचून. पहिला घास हातात होता तेवढ्यात मागे बांधावर एक बस वळली आणि तिने लांबलचक हॉर्न दिला. अगदी आपल्या भोंग्यासारखा.

मी बाईंना धरायच्या आत त्या उठल्या होत्या. त्यांनी भाताचं पातेलं उचललं, पायऱ्या चढून रस्त्यावर ठेवलं, परत आल्या, डबे उचलले, चपला उचलल्या, कुणाचं तरी रांगतं मूल काखेत मारलं. "वर चला! वर चला! बसलाय काय!" खणखणीत मराठीत. त्या कुटुंबाला वाटलं ही आमची काही रीत आहे. पोरं हसत हसत साखळी करून भांडी वर द्यायला लागली. शेवटी बाई आजींच्या काखेत हात घालून त्यांना उचलायला लागल्या, तेव्हा आजींनी त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी बाईंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि नुसते धरून ठेवले.

बाई भानावर आल्या. सगळ्यांनी मग वर रस्त्याच्या कडेलाच पानं मांडली. बाई पाण्याकडे पाठ करून जेवल्या. "एवढ्या लांब आले," त्या म्हणाल्या, "आणि बसता नाही आलं गो." मला रडू आलं. त्यांना नाही आलं.

तरी तंजावर बाकी होतं, कुंभकोणम बाकी होतं. पण आम्ही गाडीत बसतोय तोच फोन वाजला. बाईंचा भाचा.

"आत्या, नाना काय ऐकंनात. पाऊस धरला तसं जेवान सोडलं. घराकडं ने म्हनतात. मग जीप काढून आनलं. दासगावात हाय मी."

"पानी कुठवर हाय?" बाई एकदम कुडपणच्या झाल्या.

"रस्त्याच्या खाली हाय अजून."

"तेंना आधी वर ने. झोळी जिन्याखाली हाय, खुंटीला."

"मी न्यायला गेलो तर हात लावू देत नाय, आत्या. तू येशील तवा चढीन म्हनतात."

बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला, पर्स मांडीवर घेतली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "स्टेशन." तंजावर तिथून फार लांब नव्हतं. मी तेवढं म्हणून पाहिलं. बाई म्हणाल्या, "पोलादपूर आहे की आपलं."

आम्ही दासगावला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. पाणी आलंच नव्हतं. नाना खाली खाटेवर बसून चहा पीत होते. "आलीस? बग, मी व्हतो म्हनून पानी नाय आलं," ते म्हणाले. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. बाईंनी पर्स खुंटीला लावली आणि भाताचं आधण ठेवलं.

त्यानंतर वर्षभरात बाई रिटायर झाल्या, आणि पुढच्या दिवाळीनंतर मुलाने दोघांना विरारकडे नेलं. तेरावा मजला आहे. नदी कितीही चढली तरी पोचायची नाही. फोनवर बाई "बरं चाललंय" म्हणतात आणि नानांची हाक येते, मग फोन ठेवतात. मला मात्र त्या दिसतात त्या जायच्या आधीच्या ऑगस्टमधल्या.

तो पुन्हा आडीचा अठरावा दिवस होता. बाईंची आठवण आली म्हणून मी सकाळी सहज दासगावला गेले आणि अडकले. अकराच्या सुमाराला भोंगा झाला, रस्ता बंद. बाईंनी जोत्याचा दगड पाहिला आणि उचलायला सांगितलं. शेजारचे दोघे पुढे, बाई आणि मी मागे, नाना झोळीत शिव्या देत. सामान वर गेलं, गॅस गेला, खाट गेली. दुपारपर्यंत ओटीवर गुडघाभर पाणी फिरत होतं.

मी माळ्यावर होते. बाई दिसेनात म्हणून जिन्यात डोकावले. त्या पाण्याच्या लगेच वरच्या पायरीवर बसल्या होत्या, पाय खाली पाण्यात सोडलेले, मांडीवर डबा. लिंबाचा भात.

"ये गो, बस," त्या म्हणाल्या. "तिकडे मला बसवेना. सगळ्यांचं सगळं खाली होतं ना. इथे आता खाली काही राहिलं नाही."

आम्ही जेवलो. वरून नानांची हाक आली, "अगो, पानी किती पायऱ्या हाय?"

"हाय आपलं. तुम्ही जेवा," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी बाजूला ठेवलेली केळीच्या खोडाच्या सोपटाची होडी घेतली, तीत वात ठेवून पेटवली आणि हळूच ओटीवरच्या पाण्यात सोडली. दिवा भिंतीच्या कडेने निघाला. दार सताड उघडं होतं, बाहेर सगळी सावित्री होती. पण पाणी आत येत होतं, दिवा बाहेर जाणार कसा? उंबऱ्यापाशी पोचून तो फिरला आणि रिकाम्या खोलीतून हळूहळू परत जिन्याशी आला. बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि पायाच्या बोटाने त्याला पुन्हा दाराकडे ढकललं.